मत मागतोस? आधी पाण्याचा हिशोब दे



परवा वस्तीतल्या बैठकीत एक जण म्हणाला, "नद्या, जंगल, पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे चोचले. आपण आरक्षण आणि अत्याचारावर बोलू." टाळ्या पडल्या. मी वाजवली नाही. सूतगिरणीतली रातपाळी संपवून घरी जातो तेव्हा माझी आय टँकरच्या रांगेत हंडा धरून उभी असते. हे चोचले कुणाचे?

20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते काय नुसती तहान भागवायला? पाणी कुणाच्या बापाचं, हा सवाल त्यांनी तिथं टाकला. पुढं 1942 ते 46 मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्यांनीच घातला. आपण मात्र जयंतीला तळ्याचा फोटो लावतो आणि मतदानाला पाणी विसरतो.

2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पाऊस नव्हता, कबूल. पण महाराष्ट्रात लागवडीच्या 4 टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचं जवळजवळ 70 टक्के पाणी पीत होता, हे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानंच लिहून ठेवलंय. हा दुष्काळ आभाळातून पडलेला नाही. तो धोरणातून आला, आणि त्या धोरणाला मतं आपणही दिली.

कालव्याचं पाणी जमीन बघून मिळतं. भूमिहीनाच्या वाट्याला काय? कोयता. दुसऱ्याच्या उसाची मोळी.

दुसरी वाट नाही म्हणणारे खोटं बोलतात. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशोबानं नाही, घरातल्या माणसांच्या हिशोबानं. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. एका गावात जमलं ते राज्याच्या जाहीरनाम्यात का येत नाही? कारण आपण मागतच नाही. आपण मागतो समाजमंदिराला फरशी.

म्हणून यंदा उमेदवार वस्तीत आला की तीन सवाल टाका. भूमिहीनाला पाण्यात वाटा देणार का? दुष्काळी मुलखात उसाला लगाम घालणार का? आमच्या बापानं दगडं फोडून कसलेलं गायरान आमच्या नावावर करणार, का प्रकल्पाला देणार?

उत्तर लेखी घ्या. निळा झेंडा घेऊन आला तरी घ्या. झेंडा आपला असला म्हणून धोरण आपलं असतंच असं नाही.

उत्तर नसेल तर मत नाही. अत्याचार फक्त काठीनं होत नाही, तो कोरड्या नळानंही होतो.

जय भीम.