अद्भुताचे वावडे

दिवाळी आली की दारोदारी मातीचे किल्ले उभे राहतात. दगडविटांवर ओले गोणपाट पसरून माती थापली जाते, अळीव पेरले जाते, आणि वीतभर महाराजांच्या भोवती चिखलाचे मावळे पहारा देऊ लागतात. वडील मंडळी कौतुकाने पाहतात. पण त्याच पोराने कॉलेजात गेल्यावर हजार पानांची अद्भुत कादंबरी हाती धरली, की हीच मंडळी नाक मुरडतात. म्हणे, पोरखेळ पुरे झाला, आता वास्तव वाच!

या वास्तववाद्यांशी माझे भांडण आहे.

त्यांचा पहिला आक्षेप, हे खूळ परके आहे. मग आमच्या गुणाढ्याचे काय करावयाचे? पैठणच्या सातवाहनाच्या पदरच्या या पंडिताने विद्याधरांची सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली, असे परंपरा सांगते. भाषा पैशाची आणि शाई रक्ताची, एवढ्यावरूनच राजाने ती धुडकावली. गुणाढ्य रानात गेला आणि एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला. जनावरे चरणे विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. मुदपाकखान्यात वाळके मांस येऊ लागले, तेव्हा कुठे राजाला जाग आली! तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. उरलेल्या लाखाच्या परंपरेतूनच अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ झाला. पोथी न उघडताच तिला हलकी ठरविणाऱ्यांनी ही कथा उशाशी ठेवावी.

दुसरा आक्षेप पलायनाचा. टॉल्किन १९१६ साली सोमच्या रणांगणावर होता. जिवलग मित्र त्याने युद्धात गमावले. त्याच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड १९५४-५५ मध्ये निघाले. त्यात फ्रोडो घरदार सोडतो, जग वाचवितो, आणि परत येतो तो गावची झाडे तोडलेली, माणसे धाकात दबलेली. गाव पुन्हा सावरते, पण त्याची जखम भरत नाही. अखेर तो समुद्रापार निघून जातो. याला पलायन म्हणावयाचे, तर वास्तव कशाला म्हणावयाचे?

मी राहतो उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधली निर्वासित कुटुंबे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. घर सुटणे म्हणजे काय, हे या गावाला समीक्षकांनी शिकवायला नको. आणि फ्रोडोचा सोबती सॅम पाहा. पेशाने माळी. भेट मिळालेली चिमूटचिमूट माती तो आपल्याच बागेत न टाकता उजाड झालेल्या साऱ्या मुलुखात रोपांच्या मुळाशी घालतो. बराकींचे शहर करणाऱ्या माणसांना सॅमची ओळख पटायला कितीसा वेळ लागेल?

तिसरा आक्षेप सर्वांत लबाड: यातून मिळते काय? अहो, आनंद मिळतो! भरतमुनींनी अद्भुताला रसांत बसविले ते उगाच नव्हे; विस्मय हा त्याचा स्थायीभाव. शहाडहून गर्दीच्या गाडीत एका पायावर उभे राहून जाड खंड वाचणे, नकाशावर बोट ठेवून वाट शोधणे, मोरियाच्या पुलावरून गँडाल्फ कोसळला की आपले स्टेशन निघून जाणे, हे सुख ज्याने भोगले नाही त्याने किमान दुसऱ्याचे हिरावू नये.

या प्रकारात टाकाऊ माल नाही, असे नव्हे. एका कथेत पाणी घालून सात खंड करणारेही आहेत. पण रटाळ कौटुंबिक कादंबऱ्यांवरून कोणी वास्तववाद मोडीत काढला आहे काय? मग हाच न्याय इकडेही लावा.

तेव्हा वडीलधाऱ्यांनो, पोराच्या हातचे पुस्तक ओढू नका, मागून घ्या. तिन्ही खंड वाचा आणि मग खुशाल भांडायला या. चकलीचा डबा भरून ठेवला आहे.