नाव कोणी बिघडवले?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर जुनी मुले दिसू लागतात. पेढे घेऊन येणारी थोडी. बहुतेकांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते आणि पिशवीत कागद. असाच एक जण आला. आयटीआय केलेला वायरमन, आखातातली नोकरी जवळजवळ ठरलेली. शाळेच्या दाखल्यावर त्याचे नाव ‘शेख’ने सुरू होत होते, आधारवर ‘शेख’ने संपत होते आणि पासपोर्टवर ‘शेख’ नव्हताच. “सर, दाखल्यावर तेवढं बदलून द्या, एजंटानं आठ दिवस दिलेत.” आम्ही जुने रजिस्टर काढले. ते नाव आमच्याच शाळेने, निळ्या शाईने, ठसठशीत लिहिलेले होते. आठ दिवसांत काही झाले नाही. नोकरी दुसऱ्याला गेली.

त्या मुलाचे नाव बिघडवले कोणी?

या प्रश्नाची तीन उत्तरे तयार आहेत. घरात म्हणतात, नसीब. कचेरीत म्हणतात, तुम्हा लोकांची नावेच अवघड. एजंट म्हणतो, पैसे द्या, करून देतो. आम्हाला तिन्ही मान्य नाहीत.

नावे अवघड आहेत म्हणणाऱ्यांना आमचे विचारणे आहे, की दीक्षित हे आडनाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहिले जाते, म्हणून कुणी दीक्षितांकडे संशयाने पाहिले आहे काय? मोहम्मद लिहिताना मात्र कुठे ‘ओ’ पडतो, कुठे ‘यू’. शेवटी कुठे ‘ए’, कुठे ‘ई’. कुठे ‘मोहं.’ असा टिंब देऊन अर्धाच शब्द. अक्षराचा हा फरक भाषेचा आहे, लबाडीचा नाही. उर्दूत जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे घरात जी ‘मसर्रत’ असते ती हजेरीत ‘मुसर्रत’ होते. उर्दूतली चार वेगवेगळी अक्षरे मराठीत ‘ज’ किंवा ‘झ’ यांतच बसवावी लागतात. मग रिजवानची ‘रिझवान’ होते आणि त्या ‘झ’ची पुन्हा इंग्रजी करताना कधी ‘झेड’ येतो, कधी ‘जेएच’. घरचे नाव उर्दूत सांगतात, जन्मदाखला मराठीत असतो, बोर्डाचा फॉर्म इंग्रजीत भरतात. एक मूल तीन लिप्यांतून जाते आणि तीन माणसे होऊन बाहेर पडते.

त्यात नावाची घडणही वेगळी. मराठवाड्यात, खानदेशात ‘शेख रहीम शेख करीम’ अशी रीत आहे. कोकणात स्वतःचे, वडिलांचे आणि मग परकार, मुकादम असे आडनाव. पासपोर्टाला दोनच रकाने ठाऊक आहेत, दिलेले नाव आणि आडनाव. आमच्या पहिल्या ‘शेख’ने कुठे बसायचे हे फॉर्म भरणारा ठरवतो. व्हिसा पासपोर्टावरचे नाव जसेच्या तसे उचलतो. प्रमाणपत्राची साक्षांकने करताना मात्र त्या नावाशी शाळेचा, बोर्डाचा कागद ताडून पाहतात, आणि तिथे गाडी अडते. २०२२च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकाच शब्दाचे नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम लावला. नंतर पासपोर्टाच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल, असा खुलासा झाला. मधल्या दिवसांत ज्यांची तिकिटे काढलेली होती त्यांनी काय करायचे होते? रिकाम्या रकान्याची किंमत अशी मोजावी लागते.

आता आमच्याबद्दल. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. बी.एड.ला पाठाचे टाचण काढायला शिकलो, फळ्याचा उपयोग शिकलो. पण मुलाचे नाव रजिस्टरात कसे उतरवावे हे आम्हाला कुणी शिकवले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. जून महिन्यात प्रवेशाची गर्दी असते. बाप कामावर, आई बुरख्याआडून हळू आवाजात नाव सांगते. आम्ही ऐकले तसे लिहितो. जन्मदाखला समोर असला तरी अक्षर न अक्षर ताडून पाहत नाही. दहावीचा फॉर्म भरताना म्हणतो, ‘चालतंय, नंतर बघू.’ हे ‘नंतर’ कसे असते? शाळा सोडल्यावर रजिस्टरातले नाव बदलणे महाकठीण. मग प्रतिज्ञापत्र, ‘दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ अशी कबुली, राजपत्रात नावबदलाची जाहिरात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. कित्येकांच्या त्या दोन्ही संधी चुकीची दुरुस्ती चुकीनेच करण्यात जातात. कुराण शरीफ शिकवताना जेर-जबरची चूक आम्ही खपवून घेत नाही. मुलाच्या नावातली का खपवतो? नाव ही आईबापांनी आमच्या हाती दिलेली अमानत आहे. अमानतीत खयानत झाली, हे आधी आम्ही कबूल केले पाहिजे.

आम्ही कबूल केले म्हणून सरकार सुटत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव लिहिण्याचे ठरले. निर्णय चांगला, आम्ही त्याचे स्वागत करतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्मदाखलाच आधार धरला आहे. म्हणजे यापुढे दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत पहिल्या दिवशी जे अक्षर पडेल ते मुलाबरोबर जन्मभर जाणार. मग उर्दू-अरबी नावे मराठीत आणि इंग्रजीत कशी लिहावीत याची एक साधी पुस्तिका नोंदणी करणाऱ्यांच्या टेबलावर का असू नये? मोहम्मद आणि मुहम्मद एकच, हे मान्य करायला दर वेळी स्टँपपेपर का लागावा?

पुस्तिका येईल तेव्हा येईल. शाळेत उद्यापासून करता येईल ते असे. प्रवेशाच्या दिवशी नाव तिन्ही लिप्यांत लिहून पालकांना वाचून दाखवावे आणि खाली सही किंवा अंगठा घ्यावा. नववीतच जन्मदाखला, आधार आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून ताडावे. फरक असेल तर मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवावा. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नये. आणि पालकांनो, मुलगा बावीस वर्षांचा झाल्यावर एजंटाला हजारो रुपये देण्यापेक्षा, तो नववीत असताना एक दिवसाची मजुरी बुडवून शाळेत या.

तो वायरमन सध्या गावातच मोटारी दुरुस्त करतो. परवा रस्त्यात भेटला, सलाम केला. त्याने तक्रार केली नाही. त्याने केली असती तर बरे झाले असते. आम्ही मान खाली घालून ऐकली असती. आता त्याची धाकटी बहीण आमच्या आठवीच्या वर्गात आहे. तिचा जन्मदाखला आम्ही मागवला आहे.