आणि पार्टी

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी लेख देतोस का, असे सरांनी विचारले तेव्हा मी विषय सांगितला : बीटल्सच्या एका जुन्या रेकॉर्डची पन्नाशी. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अरे, ऊस, दुष्काळ, वसतिगृहाची आमटी हे सगळे विषय संपले काय?" संपलेले नाहीत. आमटीचा तर कधीच संपणार नाही. पण या तिन्ही विषयांवर दरवर्षी कुणीतरी लिहितेच, आणि मला जे लिहायचे आहे ते कुणी लिहील असे वाटत नाही.

बीटल्सशी माझी ओळख अर्धवट झाली, अगदी शब्दशः. प्रथम वर्षाला माझ्या खोलीतील सोबत्याने हेडफोनचे एक टोक स्वतःच्या कानात ठेवले आणि दुसरे माझ्या कानात दिले. मला नुसता ढोल आणि गिटार ऐकू येत होते. मी म्हणालो, "गाणारा कुठे आहे?" तो म्हणाला, "माझ्याकडे." पुढे कळले की चूक हेडफोनची नव्हती. त्या काळच्या त्यांच्या पुष्कळ गाण्यांच्या स्टिरिओ प्रतींत गळा एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला अशी वाटणी आहे. १९६७ साली इंग्लंडात बहुतेक घरी मोनो यंत्रेच होती. म्हणून 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' या रेकॉर्डचे मोनो मिश्रण चौघांनी स्वतः हजर राहून करवून घेतले. स्टिरिओचे काम मागाहून, ते हजर नसताना, थोड्या दिवसांत उरकण्यात आले. आणि जगाने पुढे पन्नास वर्षे ऐकली ती मुख्यतः ही उरकलेली प्रत!

आता पन्नाशीची आवृत्ती म्हणजे काय, आणि रसिक तिच्याकडून काय मागतात, ते थोडक्यात सांगतो. पहिली मागणी आवाजाची. 'सार्जंट पेपर' चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित झाली. चारही ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या फितीच्या एकदोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी पुढची वाद्ये भरायची. प्रत्येक वेळी थोडी धूळ चढणार. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिचीही झेरॉक्स काढतो तेव्हा अक्षरांचे जे होते, तेच इथे सुरांचे होते. २०१७ साली मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी आधीच्या पिढीच्या फिती काढून, मोनो मिश्रण समोर ठेवून, नवे स्टिरिओ तयार केले. गळा मध्यभागी आला. माझ्यासारख्या एका कानाच्या श्रोत्याची सोय झाली!

२०२२ साली 'रिव्हॉल्व्हर'च्या आवृत्तीत तर पुढची मजल गेली. १९६६ च्या त्या रेकॉर्डमध्ये काही ठिकाणी गिटार, बास आणि ढोल एकाच ट्रॅकवर वाजलेले होते. पीटर जॅक्सन यांच्या मंडळींनी तयार केलेल्या संगणकीय पद्धतीने ते वेगळे करण्यात आले. आमटीतून मीठ काढण्याइतकेच हे अवघड. (आमच्या खानावळीत ही पद्धत आली तर बरे होईल.)

दुसरी मागणी तळघरातल्या मालाची, म्हणजे जे कधीच बाहेर आले नाही त्याची. १९६८ च्या 'व्हाइट अल्बम'मधील 'हेल्टर स्केल्टर'ची एक फेरी सत्तावीस मिनिटांची आहे. २०१८ च्या आवृत्तीत ती मिळेल अशी आशा होती, मिळाली ती तेरा मिनिटांच्या आतली. 'कार्निव्हल ऑफ लाइट' नावाचा १९६७ चा चौदाएक मिनिटांचा गोंगाट 'सार्जंट पेपर'च्या पेटीत असेल म्हणून लोक डोळे लावून बसले होते. तोही नव्हता. उलट ऋषिकेशहून परतल्यावर जॉर्ज हॅरिसनच्या घरी साध्या यंत्रावर गाऊन ठेवलेली सत्तावीस गाणी २०१८ ला पूर्ण मिळाली आणि सगळे खूश झाले. सत्तावीस मिनिटे एकच गाणे ऐकणाऱ्याला वेडा म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. आमच्या गावात एकच गवळण रात्रभर चालते.

तिसरी मागणी किंमत कमी करा ही. ती कुणी ऐकत नाही. त्या पेटीत चार सीडी, दोन चित्रतबकड्या आणि एक जाडजूड पुस्तक आहे आणि तिच्या किमतीत माझी वर्षाची फी निघाली असती. मी सगळे फोनवर ऐकले. त्यामुळे पुस्तकाचा वास कसा आहे ते मला सांगता येणार नाही.

पण माझी स्वतःची मागणी या तिन्हींपेक्षा निराळी आहे, आणि ती मला सुचली 'सार्जंट पेपर'च्या दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यावरून.

'विदिन यू विदाउट यू' हे गाणे जॉर्ज हॅरिसनचे. सहा महिने आधी, १९६६ च्या सप्टेंबरात, तो मुंबईला ताजमहाल हॉटेलात उतरून रविशंकरांकडे सतारीचे धडे घेऊन गेला होता. मार्च १९६७ मध्ये लंडनच्या स्टुडिओत हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. बाकीच्या तिघांपैकी एकाचेही वाद्य त्यात नाही. आहेत ते दिलरुबे, तंबोरा, तबला आणि मागाहून भरलेले पाश्चात्य वाद्यवृंदातले आठ व्हायोलिन आणि तीन चेलो. दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवणारे लोक लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेतर्फे आलेले भारतीय होते. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचे नाव नाही. एकाचेही नाही.

मित्रहो, आता ते वेष्टन डोळ्यांसमोर आणा. जगातले सर्वांत जास्त न्याहाळले गेलेले वेष्टन असेल ते. त्यावरच्या गर्दीत आपल्याकडचे चार योगी आहेत : महावतार बाबाजी, लाहिरी महाशय, युक्तेश्वर गिरी आणि योगानंद. गांधीजीही व्हायचे होते, पण भारतात लोक दुखावतील म्हणून कंपनीने त्यांना काढायला लावले. मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापले आहेत. म्हणजे जागा नव्हती असे कुणी म्हणू नये. भारताच्या भावनांचा विचारही झाला होता. फक्त भारतातून आलेली जी माणसे प्रत्यक्ष मांडी घालून बसली आणि वाजवून गेली, त्यांचा झाला नाही.

व्हायोलिनवाल्यांचे काय? त्यांचीही नावे वेष्टनावर नव्हती. पण ती कागदांत राहिली, आणि मार्क लुइसन यांनी १९८८ साली बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांची रोजनिशीच छापली तेव्हा एरिक ग्रुएनबर्ग आणि त्यांच्या दहाही सोबत्यांची नावे त्यात आली. तबलजी तेव्हाही बेनावच. त्याचे नाव यायला २०१७ साल उजाडले. लिव्हरपूलमध्ये रेकॉर्डची पन्नाशी साजरी होत असताना शोध घेणाऱ्यांनी नावे उजेडात आणली : दिलरुब्यावर अण्णा जोशी (इंग्रजी अक्षरे वाचून मी तरी अण्णाच म्हणतो) आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कांसारा, तबल्यावर नटवर सोनी. ही आडनावे मी वहीत उतरवली आणि हसू आले. गुजराती आडनावांचे मराठी केले तर सोनार, सुतार, कासार आणि जोशी. अर्धा गावगाडाच तिथे जमला होता की!

त्याच २०१७ च्या पेटीत या गाण्याच्या तालमीचा एक तुकडा दिलेला आहे. हॅरिसन चाल समजावून देतो आहे आणि वादक ती उचलत आहेत. माझ्या मते सगळ्या पेटीतला हा सर्वांत मोलाचा तुकडा. वेष्टनावर योगी होऊन बसलेला भारत इथे काम करताना ऐकू येतो. पण त्या तुकड्याचे नाव काय दिले आहे? 'जॉर्ज वादकांना शिकवतो आहे' अशा अर्थाचे. एकाला नाव आहे, बाकीचे 'वादक'. ते नाव वाचले आणि मला आमच्या घरची कॅसेट आठवली.

माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, ढोलकी वाजवत. शेतमजुरी हे पोटाचे काम आणि ढोलकी हे जिवाचे. मी जन्मण्यापूर्वी कितीतरी वर्षे आमच्या भागातल्या एका गायकाबरोबर ते मुंबईला गेले आणि एका दिवसात आठ गाणी वाजवून रात्रीच्या गाडीने परत आले. ती कॅसेट निघाली. गायकाचा फेटा बांधलेला फोटो, गीतकाराचे नाव, संगीतकाराचे नाव, कंपनीचे नाव. आणि गायकाच्या नावापुढे दोन शब्द : 'आणि पार्टी'. जुन्या लोकगीतांच्या रेकॉर्डी आणि कॅसेटी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे दोन शब्द चांगले ओळखीचे असतील. माझे आबा त्या 'पार्टी'त आहेत. घरातल्या कुणाचाही कुठल्याही छापील कागदावर झालेला तो पहिला उल्लेख, मतदारयादी सोडली तर. पुढचा उल्लेख माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेवर.

कॅसेट वाजवायचे यंत्र आता आमच्याकडे नाही. कुणा भल्या माणसाने तीच गाणी हल्ली फोनवर ऐकता येतील अशी करून ठेवली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला ती ऐकवली. तिसऱ्या गाण्यात मधल्या जागेत ढोलकी एकटीच बोलते. आजीने फोन कानाला लावला, जणू पलीकडून कुणी बोलते आहे, आणि म्हणाली, "ह्यो बग, ह्यो तुज्या आबाचा हात. असं दुसरं कुनी मारीत न्हवतं." आबांना जाऊन अकरा वर्षे झाली होती.

माझ्या सोबत्याशी यावर माझे भांडण झाले. तो म्हणतो, "मजुरी दिली, विषय संपला. गवंड्याचे नाव घरावर असते का?" हा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. गाणे हॅरिसनने रचले, पैसे ठरलेले मिळाले असतील, आणि त्या दिवशी वाजवणाऱ्यांनीही नावाचा आग्रह धरला नसेल. आबांनी तर नक्कीच धरला नव्हता. परंतु गवंड्याची वीट भिंतीत गेली की दिसत नाही. तबल्याची थाप मात्र साठ वर्षांनंतरही प्रत्येक वेळी नव्याने पडते, आणि आपण तिच्यासाठी पुन्हा पैसे घेतो. पुन्हा विकायला काढता तर पुन्हा छापताही आहातच. मग एक ओळ जास्त छापायला काय हरकत आहे?

आणि हे होऊ शकत होते याचा पुरावा त्यांच्याच घरात आहे. 'सार्जंट पेपर'च्या एक वर्ष आधी, 'रिव्हॉल्व्हर'वरील 'लव्ह यू टू' या गाण्याला तबला वाजवला अनिल भागवत यांनी. घ्यायला मोटार आली तेव्हा कुठे त्यांना कळले म्हणे, की आपण बीटल्ससाठी वाजवणार आहोत. त्यांचे नाव १९६६ च्या वेष्टनावर छापलेले आहे! १९६८ च्या जानेवारीत हॅरिसनने मुंबईच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल' चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित केले, त्याच्याही वेष्टनावर वादकांची यादी आहे : संतूर शिवकुमार शर्मा, सरोद आशिष खाँ, तबला महापुरुष मिश्र, बासरी एस. आर. केंकरे, सनई हनुमान 'जादेव'. स्पेलिंगे वाटेल तशी आहेत. जादेव म्हणजे आमचे जाधवच असणार असे मला वाटते. चुकीच्या स्पेलिंगचेही नाव 'आणि पार्टी'पेक्षा मला प्रिय आहे. म्हणजे आधी नाव दिले, नंतरही दिले, आणि सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डवर तेवढे राहून गेले. यात दुष्टावा दिसत नाही. घाई आणि सवय दिसते.

आपल्याकडेही यापेक्षा फार निराळे नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांनी किती वर्षे काम केले, पण पडद्यावर नाव संगीतकाराचे. प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त गाजवले. तरी पुष्कळांना ते एका विनोदी पात्राचे नाव वाटते.

तेव्हा पुढची पेटी निघेल, पंचाहत्तरीची किंवा शंभरीची, तेव्हा आवाज आणखी स्वच्छ करा, सत्तावीस मिनिटे द्या, मला आनंदच आहे. पण प्रत्येक गाण्याखाली कुणी काय वाजवले ते छापा, स्वस्तातल्या प्रतीवरही आणि फोनवर दिसणाऱ्या चौकोनातही, कारण माझ्यासारखे श्रोते तिथेच असतात. पेटीतल्या पुस्तकात नाव असले तर ते पेटी घेणाऱ्यालाच कळणार.

आमच्या कॅसेटची नवी आवृत्ती कुणी काढणार नाही. ती कंपनी आहे की नाही हेही सापडत नाही. मी बॉलपेनने वेष्टनाच्या आतल्या बाजूला आबांचे नाव लिहिले आहे, पुढे 'ढोलकी'. पेटी आणि टाळ यांच्यापुढे अजून जागा मोकळी आहे. पेटीवाल्याचे नाव आजीला आठवत नाही. टाळवाले नाना म्हणून पलीकडच्या वाडीचे कुणी होते, त्यांचा मुलगा एसटीत वाहक आहे, एवढेच तिला माहीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या वाडीला जाऊन येणार आहे.