अंगणातील गॅस-शेगडीची निगा

आखाती देशांत अथवा इंग्लंडात नोकरीस असलेल्या मुलांनी घरी आणलेली गॅसची भाजणशेगडी, जिला बार्बेक्यू म्हणतात, ती हल्ली काही अंगणांतून दृष्टीस पडू लागली आहे. नाताळात तीवर मासळी व डुकराचे मांस भाजले जाते आणि सण सरताच तिची रवानगी मागील पडवीत होते. पुढे चार महिन्यांचा पाऊस तिच्यावरून जातो. वर्षाने तिची आठवण झाली म्हणजे कोणीतरी वरची जाळी लखलखीत घासतो व शेगडी स्वच्छ झाली असे मानून काडी ओढतो. वाचकहो, डोळ्यांस दिसणारी काजळी ही त्या शेगडीतील सर्वात निरुपद्रवी घाण होय. भय आहे ते न दिसणाऱ्या जागी.

गॅस एका बारीक छिद्रातून बर्नरच्या नळीत शिरतो व जाताना बाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. हे मिश्रण नीट झाले तर ज्योत निळी राहते. शेगडी महिनोन्‌महिने पडून राहिली की या नळीत कोळी जाळे विणतो, क्वचित कुंभारीण माशी मातीचे घरटे बांधते. वाट अडली म्हणजे ज्योत पिवळी होऊन काजळी धरते. किंवा त्याहून वाईट, गॅस मागे फिरून तोट्यांपाशीच पेट घेतो, जेथे पेटविणाराचा हात असतो. यास्तव पावसाळा संपताच सिलिंडर सोडवून बर्नर बाहेर काढावा, बाटल्या धुण्याच्या लांब ब्रशाने नळी आतून साफ करावी व वरची भोके बारीक तारेने मोकळी करावी. गॅस येण्याच्या मूळ छिद्रात मात्र सुई खुपसू नये. ते रुंदावले तर ज्योत आवरत नाही. बर्नर परत बसविताना नळीचे तोंड त्या छिद्रावर नीट आले आहे ना, हे वाकून पाहावे.

दुसरी गोष्ट रबरी नळीची. उन्हाने ती तडकते आणि उंदरांनाही ती प्रिय आहे. साबणाचे दाट पाणी करून नळीवर, सांध्यांवर व रेग्युलेटरभोवती लावावे आणि तोट्या बंद ठेवून सिलिंडर उघडावा. बुडबुडे आले तर तेथून गॅस गळतो आहे असे समजावे. काडी पेटवून गळती शोधणारे शूर पुरुष अजूनही आहेत. त्यांचे शौर्य अन्य कार्यी लागावे. हा गॅस हवेहून जड असल्याने उडून न जाता जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. आपणांस कळावे म्हणूनच त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. गळती थांबत नसेल तर सर्वांनी दूर जावे व १९०६ या क्रमांकावर कळवावे. परदेशी शेगडीचे रेग्युलेटर आपल्याकडील सिलिंडरवर बसत नसेल तर तारेने आवळून जुळवाजुळव करू नये. ते काम जाणत्या कारागिराचे आहे.

जाळीविषयीही दोन शब्द सांगावयास हवेत, कारण तेथे स्वच्छतेचाच अपाय होतो. लोखंडी तारांच्या ब्रशातील एखादी तार तुटून जाळीला चिकटते व मांसाबरोबर पोटात जाते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात अशा तारांनी घशाला व आतड्याला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०१२ साली तेथील सरकारी आरोग्य-पत्रकात प्रसिद्ध झाली आहे. त्यापेक्षा जाळी कोमट असताना नारळाच्या काथ्याचा ओला बोळा घेऊन घासावी, फडक्याने पुसावी, आणि पोळे घालताना तव्यावर फिरवितात तसा तेलात बुडविलेला अर्धा कांदा तीवर फिरवावा. गंज धरत नाही व मासळीही चिकटत नाही. खालच्या तबकडीत साचलेली चरबी तर प्रत्येक वेळी काढून टाकावी. ती पेटली तर पाणी ओतू नये. पाण्याने जळती चरबी चोहोकडे उडते. गॅस पोहोचता येत असेल तर बंद करावा व झाकण लावून आग कोंडावी.

पेटविताना मात्र झाकण उघडेच हवे. बंद झाकणाखाली साचलेला गॅस एकदम भडकतो व तोंड भाजते. पहिल्या खेपेस शेगडी पेटली नाही तर सर्व तोट्या बंद करून पाच मिनिटे थांबावे, मग पुन्हा प्रयत्न करावा. मुले तेवढा वेळ ताटे घेऊन उभी राहिली तर राहोत. काम आटोपल्यावर सिलिंडर बंद करावा, शेगडी पुरती निवू द्यावी आणि मगच ती झाकून ठेवावी. सिलिंडर सरळ उभा, मोकळ्या हवेत व सावलीत असावा. तळघरात किंवा जिन्याखालच्या कोनाड्यात कदापि नसावा.