'डिजिटल पार्टनर' म्हणजे फुकटचा गडी

स्पष्टच बोलते. पुण्यात हल्ली कुठलीही 'समिट', 'कॉन्क्लेव्ह' किंवा 'न्यू मीडिया मीट' जाहीर झाली की स्टँडीच्या अगदी तळाशी एक बारीक ओळ असते, 'डिजिटल पार्टनर'. बऱ्याचदा त्या ओळीचा साध्या मराठीत अर्थ असा, की कुठल्यातरी छोट्या वेब स्टुडिओनं या कार्यक्रमाची वेबसाइट, नोंदणीचा फॉर्म, लाइव्ह स्ट्रीम आणि आधीच्या तीन आठवड्यांची रील्स फुकट करून दिली आहेत.

मी कर्वेनगरमध्ये सहा जणांचा वेब स्टुडिओ चालवते. असा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. सुरुवात ठरलेली. "मॅडम, तुमचं काम पाहिलंय, एकदम भारी." मग, "या वर्षी बजेट जरा टाइट आहे." आणि शेवटी हुकमाचं पान, "पण तुम्हाला एक्स्पोजर मिळेल."

गेल्या महिन्यात अशाच एका आयोजकांना मी सरळ कोटेशन पाठवलं. कार्यक्रमाला तिकीट होतं, चार मोठे स्पॉन्सर होते, हॉटेलात जेवण होतं. उत्तर आलं, "आम्हाला वाटलं होतं तुम्हाला कम्युनिटीची आवड आहे." म्हणजे पैसे मागितले की आवड नाही! ते काम पुढे ओळखीच्या एका स्टुडिओनं फुकट केलं. त्या एक्स्पोजरमधून काय मिळालं, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, "ताई, दोन फोन आले. दोघांनाही असंच फुकट हवं होतं."

आता मंडळी, गणपतीच्या मंडळाचं उदाहरण घ्या, ते आपल्याला नीट कळतं. कार्यकर्ते दहा दिवस फुकट राबतात, रात्र रात्र जागतात. पण मांडववाल्याचे पैसे दिले जातात, लाइटवाल्याचे दिले जातात, जनरेटरचं भाडं दिलं जातं. कुठल्या अध्यक्षानं मांडववाल्याला "तुम्ही आमचे मांडव पार्टनर" असं सांगून परत पाठवलेलं ऐकलंय का? या समिटवाल्यांचंही तसंच. हॉलचं भाडं आगाऊ भरतात, केटररला ताटामागे पैसे मोजतात, फ्लेक्सवाला तर पैसे हातात पडल्याशिवाय प्रिंट काढत नाही. फक्त वेबसाइटची वेळ आली की सगळ्यांना कम्युनिटी आठवते. का? तर हे काम दिसत नाही. वक्त्याचा फोटो रात्री साडेअकराला बदलला, पेमेंट अडकलं, तिकिटाचा क्यूआर कोड गेटवर चालेना, तर जागं कोण असतं? आमच्याकडचा तेवीस वर्षांचा मुलगा. तो लातूरहून आलाय, कॉट बेसिसवर राहतो. त्याच्या घरमालकाला भाड्याऐवजी एक्स्पोजर चालत नाही.

"मग कम्युनिटीसाठी काही करायचंच नाही का?" असं विचारणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. या शहरातली वेबवाली पिढी फुकटच्या मेळाव्यांतूनच शिकली. ऑगस्ट २००५ मध्ये पालो अल्टोत पहिला बारकॅम्प भरला, तो निवडक लोकांनाच बोलावणाऱ्या एका परिषदेला उत्तर म्हणून. ज्याला यायचंय त्यानं यावं, आणि नुसतं ऐकायला नाही तर काहीतरी सांगायला यावं, ही त्याची रीत. ते लोण पुण्यात आलं आणि मॉडेल कॉलनीतल्या एसआयसीएसआरच्या वर्गांमध्ये बारकॅम्प भरू लागला. त्याच कॉलेजात मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयूनिफाय व्हायचा. पुण्याच्या लिनक्स ग्रुपच्या बैठका व्हायच्या. नवीन काब्रा आणि अमित परांजपे यांनी २००८ साली पुणेटेक सुरू केलं, त्यातून शहरात कुठे काय चाललंय ते कळायचं. २०११ ची पायकॉन इंडिया पुण्यात झाली. या सगळ्याला कितीतरी छोट्या स्टुडिओंनी आणि एकट्यादुकट्या फ्रीलान्सरांनी हातभार लावला. कुणी बिल लावलं नाही, आणि लावायलाही नको होतं. कारण ती वर्गणी होती. तिथे आयोजकही फुकटच राबत होता.

वर्डकॅम्प बघा. पुण्यात २०१५ आणि २०१७ ला झाला. आयोजक बिनपगारी, वक्तेही बिनपगारी. तिकीट मुद्दाम कमी ठेवतात. स्पॉन्सर घेतात, पण तो पैसा कुणाच्या खिशात जात नाही, कार्यक्रमावर खर्च होतो. वर्डप्रेसवर पोट भरणाऱ्या कंपन्यांनी आपली पाच टक्के ताकद परत त्या प्रकल्पाला द्यावी, ही कल्पना २०१४ साली मांडली गेली. आपल्या पुण्याची आरटीकॅम्प ही कंपनी वर्डप्रेसवरच मोठी झाली, आणि तिनं त्या कम्युनिटीला माणसंही दिली आणि पैसेही दिले. पण यात एक गोष्ट लक्षात घ्या. किती द्यायचं हे देणारा ठरवतो. घेणारा फोन करून ठरवत नाही.

आणखी एक फरक. वर्डकॅम्पच्या वेबसाइट एकाच मध्यवर्ती ठिकाणी ठेवतात, त्यामुळे जुन्या कार्यक्रमांची पानं आजही वाचता येतात. आपल्या समिटांचं काय? फुकट करून घेतलेल्या वेबसाइटचा कुणी वाली नसतो. वर्षभरानं डोमेनचं नूतनीकरण कोण करणार? कुणीच नाही. वक्त्यांची यादी, भाषणांचे व्हिडिओ, सगळं गायब. डिजिटल भविष्यावर दिवसभर भाषणं करायची आणि स्वतःचा मागच्या वर्षीचा पत्ता उघडायचा नाही, अशी ही गंमत.

ज्यांना हे सगळं भावनिक वाटतंय त्यांच्यासाठी थोडा कायदा. नाव लावण्याच्या बदल्यात काम, हा जीएसटी कायद्याच्या नजरेत बार्टर आहे. कलम ७ मध्ये हा शब्दच आहे. म्हणजे जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओनं 'फुकट' वेबसाइट दिली, तरी त्या व्यवहारावर १८ टक्के कर लागू शकतो. हे काम फुकट नाही हे सरकारला कळतं, आयोजकांना कळत नाही! दुसरं, तुमची उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत मिळायला हवेत आणि करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. हक्क आहेत. पण बिलच फाडलं नाही तर हक्क कशाचा मागणार?

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना सांगणं आहे. पुढचा फोन आला की तीन प्रश्न विचारा. तिकिटाचे आणि स्पॉन्सरचे पैसे कुणाकडे जातात? हॉलवाला, केटरर आणि साउंडवाला फुकट करतोय का? आणि शेवटी हिशेब दाखवणार का? आयोजक स्वतःही बिनपगारी असतील आणि हिशेब उघडा असेल, तर जरूर करा, जीव ओतून करा. नाहीतर कोटेशन पाठवा, निम्मे आगाऊ घ्या, आणि डोमेन कुणाच्या नावावर व किती वर्षांसाठी, हे लेखी घ्या. सवलत द्यायची असेल तर पूर्ण रक्कम लिहून त्याखाली सवलत दाखवा, म्हणजे समोरच्याला किंमत तरी कळेल.

आयोजकांनो, तुमच्यावर राग नाही. कार्यक्रम करणं सोपं नसतं, मला माहीत आहे. पण बजेट बनवताना चहाच्या ओळीखाली वेबसाइटची एक ओळ घाला. आणि ते परवडत नसेल तर एक जेवण कमी करा, स्टँडी अर्ध्या करा, गुगल फॉर्मवर नोंदणी घ्या. चालतं. बारकॅम्प तर फळ्यावर वेळापत्रक लिहून व्हायचे.

आज जे स्टुडिओ फुकट कामाला नाही म्हणू शकत नाहीत, तेच उद्या बंद पडणार आहेत. मग तुमच्या समिटच्या मंचावर 'पुण्याची स्टार्टअप संस्कृती' या विषयावर बोलायला फक्त स्पॉन्सर उरतील. ऐकायला कोण येणार, ते तुम्ही बघा.