तोतरेपणा, मेंदू आणि घरची भाषा

सीमाभागात एखादे तीन-चार वर्षांचे मूल बोलताना पहिल्याच अक्षरावर अडखळू लागले, की घरच्यांना दोन सल्ले न मागता मिळतात. पहिला जुना आहे : वेखंड उगाळून जिभेला लावा. दुसरा अलीकडचा असून तो बहुधा शिकलेल्या माणसांकडून येतो. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी एवढा भार मुलाला पेलत नाही, तेव्हा एक भाषा बंद करा, असे ते सांगतात. कोणती बंद करायची, हे वेगळे सांगावे लागत नाही. शाळेची भाषा सोडता येत नसते, म्हणून घरची सोडली जाते. बेळगाव-निपाणीकडे ती मराठी असते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या बांधवांच्या घरीही तीच असते. मुलाचे आजीशी बोलणे त्यामुळे तुटते आणि तोतरेपणा तसाच राहतो. गेल्या तीस वर्षांतील मेंदूविषयक संशोधन पाहता या सल्ल्याला आधार उरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम शब्दांविषयी. मराठीने तोतरा आणि बोबडा हा भेद नीट राखला आहे. बोबडे मूल ‘र’ऐवजी ‘ल’ म्हणते. त्याचा उच्चार वेगळा होतो. तोतऱ्या मुलाला शब्द ठाऊक असतो, उच्चारही येतो, पण शब्द सुरू होत नाही. पहिला ध्वनी पुन्हा पुन्हा येतो, लांबतो किंवा घशातच अडतो. कन्नडातील ‘तोदलु’ हा शब्द बाळाचे बोबडे बोल आणि अडखळणे या दोहोंसाठी चालतो. त्यामुळे शिक्षक एक सांगतात आणि पालक दुसरेच समजतात, असे सीमेवर सहज घडू शकते. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतो. शंभरातील सुमारे पाच मुले कधी ना कधी या अवस्थेतून जातात आणि त्यांतील बहुतेकांचे अडखळणे पुढे थांबते. प्रौढांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असून त्यांत पुरुष स्त्रियांच्या सुमारे चौपट असतात.

या व्याधीचा दोष आजवर अनेकांच्या माथी मारला गेला. १८४१ मध्ये बर्लिनचे शल्यविशारद डीफेनबाख यांनी जिभेला दोषी ठरवून तोतऱ्या माणसांच्या जिभांवर शस्त्रक्रिया केल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डावखुऱ्या मुलांना उजवा हात वापरायला लावण्याशी तोतरेपणाचा संबंध जोडला गेला. त्याच विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन यांनी पुढे पालकांकडे बोट दाखवले. मुलाच्या सामान्य अडखळण्याला आईबाप दोष म्हणतात आणि तेथूनच व्याधी जडते, असे त्यांचे मत होते. ते तपासण्यासाठी १९३९ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातील २२ मुलांवर प्रयोग झाला आणि नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुमचे बोलणे सदोष आहे’ असे सांगितले गेले. ती मुले तोतरी झाली नाहीत. काही मात्र बोलायला बिचकू लागली. विद्यापीठाने याबद्दल २००१ मध्ये जाहीर क्षमा मागितली.

दोन भाषांवरचा आरोप याच काळातील आहे. १९३७ मध्ये ट्रॅव्हिस, जॉन्सन आणि शोव्हर यांनी ईस्ट शिकागो शहरातील शाळांची पाहणी केली. एकभाषिक मुलांत तोतरेपणा १.८ टक्के, तर द्विभाषिक मुलांत २.८ टक्के आढळला. हे शहर पोलाद कारखान्यांचे आणि स्थलांतरित कामगारांचे. तेथील दोन गटांत भाषेखेरीज दुसरा कोणताच फरक नव्हता, असे कसे मानायचे? २००९ मध्ये लंडनमधील एका अभ्यासाने हा मुद्दा पुन्हा मांडला. त्याची निवडपद्धती आणि निष्कर्ष या दोहोंवर इतर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले. २०१५ मध्ये कोर्टनी बर्ड आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश व इंग्रजी बोलणारी, तोतरी नसलेली मुले तपासली. शब्द शोधताना ही मुले ध्वनींची आणि शब्दांची इतकी पुनरावृत्ती करत, की एकभाषिक इंग्रजी मुलांसाठी ठरवलेला निकष लावल्यास ती तोतरी ठरली असती. आपल्याकडच्या मुलाला एकाच भाषेत पाहून निदान केले, तर हाच धोका आहे.

आता मेंदूकडे वळू. ‘पाटील’ एवढे नाव उच्चारायचे तरी श्वास, कंठ, जीभ आणि ओठ यांचे स्नायू क्षणाच्या अंशात एका क्रमाने हलावे लागतात. उजव्या हाताच्या बहुतेक माणसांत या हालचालींचा आराखडा मेंदूच्या डाव्या अर्धगोलाच्या पुढील भागात तयार होतो, शेजारचा प्रेरक भाग तो अमलात आणतो आणि कानामागील श्रवणभाग निघालेला ध्वनी तपासतो. या भागांना कमानीसारखे तंतूंचे जुडगे जोडते. मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रके, म्हणजे बेसल गँग्लिया, हालचाल कधी सुरू करायची हे ठरवण्यात भाग घेतात.

१९९६ मध्ये पीटर फॉक्स आणि सहकाऱ्यांनी तोतऱ्या माणसांच्या मेंदूची वाचन करताना प्रतिमा घेतली. उजव्या अर्धगोलातील प्रेरक भाग अतिसक्रिय आणि डावा श्रवणभाग मंद दिसला. त्याच व्यक्तींनी दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून वाचले, तेव्हा अडखळणे थांबले आणि हा फरकही बराच ओसरला. २००० मध्ये फिनलंडमधील संशोधकांना असे आढळले, की तोतऱ्या वाचकांत आराखडा करणारा भाग आणि तो अमलात आणणारा भाग यांचा क्रमच उलटा होतो. तयारीआधी कृतीची हाक जाते. २००२ मध्ये जर्मन संशोधकांना डाव्या बाजूच्या जोडणाऱ्या तंतूंत कमतरता दिसली. प्रौढांतील हे फरक वर्षानुवर्षे अडखळल्याचा परिणाम असू शकतात, ही शंका रास्त होती. पण सू-युन चांग यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते नऊ वर्षांच्या मुलांतही जोडणीतील फरक आढळले. २०१० मध्ये डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासातून तोतरेपणाशी निगडित जनुकीय बदल शोधले.

या सर्वांतून निघणारा अर्थ असा. अडचण शब्द सुरू करण्याच्या आणि त्याची वेळ साधण्याच्या यंत्रणेत आहे. ही यंत्रणा मराठीची वेगळी आणि कन्नडची वेगळी नसते. म्हणूनच अनेक भाषा बोलणारा तोतरा माणूस सहसा सर्वच भाषांत अडखळतो. कमी येणाऱ्या भाषेत किंवा लांब वाक्यात तो अधिक अडखळू शकतो, हे खरे. पण भार वाढल्याने दोष उघड होणे वेगळे आणि भाराने दोष निर्माण होणे वेगळे. एक भाषा काढून टाकल्याने मूळ यंत्रणा बदलत नाही.

वर्गासोबत पाढे घडाघडा म्हणणारा आणि गणपतीची आरती न अडता गाणारा मुलगा हजेरीच्या वेळी स्वतःच्या नावावर का अडतो, हेही यावरून कळते. सामूहिक म्हणण्यात ताल बाहेरून मिळतो. एकट्याने बोलताना तो आतून यावा लागतो. शिवाय अवघड शब्द टाळून दुसरा घेता येतो, नावाला मात्र पर्याय नसतो. ‘सोंग करतो’ हा त्याच्यावरचा आरोप म्हणूनच अन्यायाचा आहे. सरकारी खिडकीपाशी तो कन्नडात अडखळला, की भाषा येत नाही असा शिक्का बसतो; आपल्यात अडखळला, की बुद्धीवर शंका घेतली जाते.

भाषेच्या हक्काच्या मोठ्या लढ्यात हा प्रश्न किरकोळ आहे, असे काही बांधव म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. लहान मुलांसाठी सिडनीत विकसित झालेली लिडकोम्ब पद्धत पाहावी. तीत तज्ज्ञ पालकांना शिकवतो आणि उपचार आईबाप रोज घरी, बोलता बोलता करतात. मोडक्या परभाषेत ते कसे जमणार? येथे घरची भाषा हेच उपचाराचे साधन आहे आणि आपण तेच फेकून देत आहोत.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. मुलाची तपासणी त्याच्या सर्व भाषांत व्हावी. तज्ज्ञाला मराठी येत नसेल, तर जाणकार दुभाषा सोबत असावा. मैसूरची वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईची अली यावर जंग संस्था या दोन्ही केंद्र सरकारच्या आहेत. सीमाभागासाठी मराठीतून पालक-मार्गदर्शन मिळावे, अशी निवेदने आपल्या मंडळांनी त्यांच्याकडे पाठवावीत. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास सांगणारा संविधानाचा अनुच्छेद ३५० अ आपण नेहमी पुढे करतो. त्याच शाळांत तोतऱ्या मुलाला तोंडी परीक्षेत पुरेसा वेळ मिळतो का, हेही आपण विचारले पाहिजे.

घरी करण्यासारखे बरेच आहे. मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये. ‘नीट बोल’, ‘पुन्हा म्हण’ असे दटावू नये. ते काय सांगते याकडे लक्ष द्यावे, कसे सांगते याकडे नव्हे. अडखळणे काही महिने टिकले, किंवा घराण्यात कोणी तोतरे असेल, तर वाट न पाहता वाचाउपचारतज्ज्ञाला दाखवावे. आणि ‘घरात मराठी बंद करा’ असे कोणी सांगितलेच, तर त्याला कारण विचारावे.