फाटक्या पाकिटातली नाणी

आकुर्डीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे शेतकरी. जमीन कारखानदारीत गेली, तेव्हा मोबदल्याच्या पैशातून त्यांनी मुंबईच्या टांकसाळीतून स्मारक नाण्यांचे दोन-तीन संच मागवले होते. सासऱ्यांच्या मागे ते संच धान्याच्या कोठीजवळच्या ट्रंकेत सापडले. खोकी उंदरांनी कुरतडलेली, आतले प्लॅस्टिक पिवळे पडून चिकट झालेले. एक खरेदीदार घरी येऊन म्हणाला, ‘पाकीट गेले म्हणजे मोल गेले. दहाच्या नाण्याचे दहा घ्या.’ हे खरे का, असे त्या विचारतात.

ताई, त्या गृहस्थाचे बोलणे अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात त्याचा नफा आहे.

पाकिटाला मोल असते, यात शंका नाही. टांकसाळ ही नाणी दोन तऱ्हांनी काढते. एक ‘प्रूफ’, म्हणजे खास घासून चकचकीत केलेल्या ठशांनी पाडलेले, आरशासारखे नाणे. दुसरे साधेच, पण बाजारात न फिरलेले, कोरे. संग्राहक पैसे मोजतो ते नाण्याला हात लागलेला नाही याचे, आणि शाबूत पाकीट ही त्याची साक्ष. साक्ष गेली की भाव उतरतो. पण बाहेरचे खोके फाटले आणि आतले सील शाबूत असेल, तर नुकसान थोडे असते. अशा वेळी सील कोणाच्याही सांगण्यावरून फोडू नका.

भाव उतरला तरी तो चांदीच्या खाली जायचे कारण नाही. गांधी शताब्दीचे १९६९ चे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे, त्यात शेकडा ८० चांदी, म्हणजे १२ ग्रॅम शुद्ध. जागतिक अन्न व शेती संघटनेसाठी काढलेले १९७० चे दहाचे नाणेही तसेच. स्वातंत्र्याच्या पंचविशीचे १९७२ चे दहाचे नाणे साडेबावीस ग्रॅमचे, निम्मी चांदी. ‘अधिक अन्न पिकवा’ या आशयाचे १९७३ चे वीस रुपयांचे नाणे ३० ग्रॅमचे, त्यातही निम्मी चांदी, म्हणजे १५ ग्रॅम. (आम्ही गावोगाव ज्या घोषणा देत फिरलो, त्याच या नाण्यांवर आहेत, याची मला अजून गंमत वाटते.) १९७४ चे कुटुंबनियोजनाचे पन्नासाचे नाणे पावणेपस्तीस ग्रॅमच्या आसपास, चांदी निम्मी. त्या दिवशीचा चांदीचा भाव पेपरात पाहा आणि शुद्ध ग्रॅमांनी गुणा. दहाच्या नाण्याचे दहा देणारा माणूस कोणत्या हिशोबाने आला होता, ते घरबसल्या कळेल.

हा आकडा फक्त तळ कळावा म्हणून. नाणे वितळवायला देऊ नका. २०११ च्या नाणे कायद्याने ते मना आहे. आणि एक लक्षात ठेवा, १९७४ चेच दहाचे नाणे चांदीचे नाही, तांबे-निकेलचे आहे. तिथे धातूचा आधार नाही, कोरेपण आणि पाकीट हेच सारे.

आता सर्वांत महत्त्वाचे. नाणी घासू नका! राख, चिंच, लिंबू, भांड्याची पावडर, टूथपेस्ट, काहीही नको. देवाचा तांब्या घासून उजळतो, प्रूफ नाणे घासून मरते. त्या आरशावर बारीक ओरखडे उठले की ते पुन्हा जात नाहीत. काळसर पडलेली चांदी संग्राहकाला चालते, घासलेली चालत नाही. नाणे धरायचे ते कडेने, दोन बोटांत, खाली मऊ कापड अंथरून.

हिरवट चिकट थर दिसत असेल, तर तो जुन्या मऊ प्लॅस्टिकचा परिणाम. पी.व्ही.सी. जुने झाले की त्यातून आम्ल सुटते आणि धातू खाते. अशा प्लॅस्टिकातून नाणे बाहेर काढलेच पाहिजे. थर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून जातो, पण ते चटकन पेट घेते. चुलीच्या घरात हा उद्योग न केलेला बरा, जाणत्या नाणेवाल्याकडून करून घ्यावा. नाणे कडक पारदर्शक डबीत ठेवा. फाटके खोके आणि टांकसाळीचे कागद टाकू नका, वेगळ्या पाकिटात नाण्यासोबत द्या. चिकटपट्टीने सांधू नका. दुसऱ्या संचाच्या चांगल्या खोक्यात घालून तर मुळीच विकू नका, ती फसवणूक आहे.

ट्रंक कोठीजवळ होती, म्हणून विचारतो. धान्याला ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घालत होता काय? त्यातून निघणारा वायू तांबे, पितळ, चांदी सारे खराब करतो. आणि नाण्यांचे सोडा, तो माणसाला मारतो. राहत्या घरात त्या गोळ्या ठेवायच्याच नाहीत.

विक्रीला घाई नको. दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढा, पाकिटाच्या नुकसानीचाही काढा आणि तो आधीच दाखवा. लपवलेले उघडे पडले की खरेदीदार दुप्पट तोडतो. पुण्यात नाण्यांची प्रदर्शने भरतात, तिथे तीन ठिकाणी भाव विचारा आणि कोणालाही नाणी ‘बघायला’ म्हणून ठेवून देऊ नका. मोबाइलवर लाखोंचा भाव सांगून आधी कमिशन किंवा कर भरा म्हणणारा चोर समजावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले होते की जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारात ती पडत नाही आणि असले शुल्क मागत नाही.

विकण्याआधी नणंदांना बोलवा. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने सासऱ्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलींचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि सासूबाई हयात असतील तर त्यांचाही. यादी करा, वजने लिहा, सर्वांच्या सह्या घ्या. नंतरची भांडणे नाण्यांहून महाग पडतात.

याच पत्रात त्यांच्या भावकीतल्या एकाने पुरवणी प्रश्न विचारला आहे, की शेतात नांगराला लागलेली नाणी अशीच विकता येतील का? नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते. आकुर्डीपासून जवळच चिखलीत खोदकामात सापडलेली २१६ सोन्याची नाणी मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी जप्त केली, ती खबर न देता घरी ठेवल्यामुळेच. खबर दिली असता कायद्यात सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटाही धरलेला आहे. अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत द्या आणि पोच घ्या.